रेंज नसताना गाणं कुणाचं?



या मालेत गेल्या काही वेळा आम्ही जरा जड विषय घेतले, अशी प्रेमळ तक्रार आली. म्हणून आज हलका विषय घ्यायचं ठरवलं: इंटरनेट नसताना फोनवर गाणी ऐकणं. तयारीला बसलो आणि लक्षात आलं, की विषय दिसतो तेवढा हलका नाही. त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडून बसलेला आहे. तेव्हा ज्यांनी तक्रार केली त्यांची आधीच क्षमा मागतो.

सुरुवात घरातल्याच एका प्रसंगाने करू. आमची थोरली बहीण, आक्का, आज ८४ वर्षांची आहे. कोकणात राहते, घाटाच्या पायथ्याशी. घराच्या पाठीमागे डोंगर. त्यामुळे रेंज मिळालीच तर अंगणात विहिरीपाशी मिळते, घरात नाही. आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आक्काचं अंगणात जाणंच बंद झालंय. माणूस गाण्याचं वेडं, आणि दिवस मोठे. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला एक चांगला फोन घेऊन दिला. गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीची मासिक वर्गणी आमच्या बँकेच्या कार्डावरून सुरू केली. पुण्यातल्या घरी बसून दोनेकशे चिजा, नाट्यपदं, भावगीतं डाउनलोड केली. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, मल्लिकार्जुन मन्सूर, माणिक वर्मा, सगळे त्या फोनमध्ये बसवले आणि फोन तिच्या हातात ठेवला. आक्का खूश झाली. भाचा महिन्यातून एकदा तो फोन खिशात टाकून बाजारच्या गावी जायचा, तिथे रेंज मिळायची, आणि काम चालू राहायचं.

पुढे आमच्या बँकेच्या कार्डाची मुदत संपली. नवं कार्ड आलं. जुन्या कार्डावरून जाणारी वर्गणी थांबली, आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही. काही आठवड्यांनी आक्काचा घरच्या लँडलाइनवरून फोन. म्हणाली, "अरे, गाणी दिसतात, पण गात नाहीत." नावं होती, चित्रं होती, सगळं करड्या रंगात. दाबलं तर काही नाही. आम्ही तिला दहा मिनिटं समजावलं. वर्गणी म्हणजे काय, कार्ड म्हणजे काय, परवानगी म्हणजे काय. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग एक प्रश्न विचारला: "म्हणजे तू मला ती गाणी दिली होतीस, की नुसती दाखवली होतीस?"

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही.

गोष्ट इथे संपत नाही. आमचे मेहुणे आता नाहीत. त्यांचा एक जुना, बटणांचा फोन कपाटात पडलेला होता. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात जाऊन त्यातलं मेमरी कार्ड भरून आणलं होतं. आपल्याला आठवत असेल, त्या काळी प्रत्येक बाजारपेठेत अशी दुकानं होती. 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी, काउंटरवर एक संगणक, आणि थोड्याशा पैशांत कार्ड भरून हातात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ती दुकानं बघता बघता मागे पडली. तर आक्काने भाच्याकरवी तो बटणांचा फोन चार्ज करून घेतला. आणि तो गायला लागला. कुठे नाव चुकलेलं, कुठे नुसतं 'ट्रॅक ०७', पण गायला लागला.

आता दोन फोन समोर ठेवा. एकात आम्ही रीतसर पैसे भरून गाणी घातली, तो मुका. दुसऱ्यात कुणी कुठून उचललेली गाणी, तो बोलका. या विचित्र परिस्थितीची चिकित्सा हाच आजचा विषय.

पहिल्यांदा शब्द नीट करून घेऊ, कारण सगळा घोटाळा शब्दांत आहे. इंटरनेटशिवाय फोनवर गाणं ऐकण्याच्या तीन रीती आहेत. एक, एफएम रेडिओ. ज्या फोनमध्ये ती सोय आहे, त्यात हेडफोनची वायरच अँटेना होते, आणि हवेतून आलेलं गाणं ऐकू येतं. दोन, वर्गणीच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं. तीन, फोनमध्ये किंवा कार्डात ठेवलेली साधी फाइल. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीला आपण एकच शब्द वापरतो: डाउनलोड. ऐकणाऱ्याला फरकही कळत नाही, दोन्हीकडे बटण दाबलं की गाणं सुरू होतं. पण या दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

साधी फाइल म्हणजे काय? एमपीथ्री घ्या. एका मिनिटाला सुमारे एक एमबी, म्हणजे एका तासाचा ख्याल साठ एमबीच्या आत बसतो. ३२ जीबीच्या, नखाएवढ्या कार्डात त्या हिशेबाने साडेपाचशे तासांचं गाणं मावतं. रात्रंदिवस ऐकलं तरी तीन आठवड्यांच्या वर पुरेल. ही फाइल कुठलाही फोन, कुठलाही संगणक वाजवतो. कुणाला विचारत नाही.

ॲपमधलं डाउनलोड तसं नसतं. ते कुलूपबंद असतं, आणि किल्ली त्या ॲपकडेच असते. अशा सेवांच्या नियमांत साधारणपणे ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा, अशी अट असते. जोडला की कंपनीचा संगणक बघतो, वर्गणी चालू आहे का, त्या गाण्याचा करार अजून आहे का. सगळं ठीक असलं तर किल्लीची मुदत वाढते. म्हणजे इथे 'इंटरनेटशिवाय' या शब्दाचा अर्थ 'इंटरनेट नको' असा नाही. 'इंटरनेटची उधारी' असा आहे. तीस दिवस उधारीवर ऐका, मग हिशेब द्या. आमच्या भाच्याच्या महिन्याच्या बाजाराच्या फेरीवर हिराबाईंचं गाणं टांगलेलं होतं, आणि त्याहून खरं म्हणजे आमच्या बँकेच्या कार्डाच्या मुदतीवर.

यावर कंपनीच्या बाजूने एक उत्तर देता येईल, आणि ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. ती म्हणेल, "वर्गणी चालू असताना तुम्हाला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा गाणं ऐकता येतं. ऐकण्याखेरीज गाण्याचा दुसरा उपयोग तरी काय? मग मालकी वेगळी कशाला हवी?" युक्तिवाद बरा आहे. पण गंमत अशी, की याच्याशी झुंजणारा माणूस आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेला.

पंधराव्या-सोळाव्या शतकात बंगालमधल्या नवद्वीपला रघुनाथ शिरोमणी नावाचे नव्यनैयायिक होते. बंडखोर माणूस. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या वस्तूंची सात पदार्थांत वाटणी केली होती. रघुनाथांनी 'पदार्थतत्त्वनिरूपण' नावाचा छोटा ग्रंथ लिहिला, त्यात जुन्या यादीतली काही नावं खोडली आणि काही नवी घातली. त्या नव्यांपैकी एक म्हणजे 'स्वत्व'. एखादी वस्तू माझी असणं. ते म्हणतात, हा स्वतंत्र पदार्थ मानलाच पाहिजे, दुसऱ्या कशात तो बसवता येत नाही.

समोरचा म्हणतो, स्वत्व म्हणजे वस्तूचा मनासारखा उपयोग करता येण्याची योग्यता, बस. रघुनाथ विचारतात, उपयोग म्हणजे काय? खाणं वगैरे म्हणत असाल, तर दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की. समोरचा म्हणतो, पण दुसऱ्याचं खाऊ नये असं शास्त्र सांगतं. रघुनाथ म्हणतात, 'दुसऱ्याचं' म्हणजे काय, हे आधी कळल्याशिवाय ते शास्त्र तुम्हाला कळणार कसं? म्हणजे उपयोगावरून स्वत्व ठरवायला जाल, तर पुन्हा स्वत्वापाशीच येऊन पोचाल. आम्ही हा युक्तिवाद थोडक्यात आणि आमच्या शब्दांत सांगतोय, पण गाभा हा आहे.

कंपनीचं उत्तर नेमकं याच जागी अडतं. 'हवं तितकं ऐका' ही उपयोगाची योग्यता झाली. स्वत्व नाही झालं. आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे दाखवायला एक सोपी कसोटी आहे: दान. आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या फार काटेकोर केली आहे. आपलं स्वत्व संपवून दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं म्हणजे दान. जे माझं आहे तेच मी देऊ शकतो, आणि दिल्यावर ते समोरच्याचं होतं, माझ्यावर अवलंबून राहत नाही. आता आक्काचा प्रश्न पुन्हा ऐका: दिली होतीस, की दाखवली होतीस? तिने नव्यन्याय वाचलेला नाही. पण तिचा प्रश्न शंभर टक्के नैयायिकाचा आहे. खरं उत्तर असं, की आम्ही दिली नव्हती. देऊ शकतच नव्हतो, कारण ती आमची नव्हतीच. आम्ही फक्त आमच्या परवानगीच्या सावलीत तिला बसवलं होतं. सावली सरकली, ती उन्हात आली.

इथपर्यंत ऐकून काही जण मनात म्हणत असतील, की सरांचा निकाल ठरलेला दिसतोय. बटणांचा फोन चांगला, ॲप वाईट, जुनं ते सोनं. थांबा. टीका करायची तर दोन्ही बाजूंना सारखीच लावली पाहिजे.

मेहुण्यांच्या कार्डातली गाणी आक्काची होती का? ती तिच्या हातात होती, यात शंका नाही. पण दुकानदाराने ती कुठून आणली? त्याने गायकाला, वादकाला, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला काही दिलं होतं का? आपल्याला उत्तर माहीत आहे. रघुनाथांची कसोटी इथेही तशीच लागू होते. दुसऱ्याचं अन्न खाता येतं, म्हणून ते आपलं होत नाही. दुसऱ्याचं गाणं कार्डात मावतं, म्हणून तेही आपलं होत नाही. आपल्या मध्यमवर्गात एक ढोंग आहे, ते आम्हीही केलेलं आहे: पुस्तक चोरणाऱ्याला चोर म्हणायचं, आणि गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह मित्राला भेट द्यायचा. तेही दान नव्हतं.

तेव्हा दोन फोनांची परिस्थिती अशी: ॲपच्या फोनमध्ये हक्क होता, पण ताबा नव्हता. कार्डाच्या फोनमध्ये ताबा होता, पण हक्क नव्हता. आमचं आज एवढंच म्हणणं आहे, की गाणं 'आपलं' व्हायला हे दोन्ही एकत्र लागतात, आणि फोनच्या काळात या दोघांची फारकत झाली आहे.

पूर्वी ती नव्हती. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तेव्हापासून तबकडी, मग कॅसेट, मग सीडी, या सगळ्यांत हक्क आणि ताबा एकाच वस्तूत बांधलेले होते. दुकानात पैसे दिले, पिशवीत वस्तू घातली, घरी आलो. ती वस्तू वाजवा, मुलीच्या रुखवतात ठेवा, ग्रंथालयाला द्या. विकणारी कंपनी बुडाली तरी तबकडी वाजायची थांबत नव्हती.

आणि कुणी असं म्हणू नये, की डिजिटल आलं म्हणून हे अटळच होतं. ॲपलचं आयट्यून्स दुकान २००३ साली सुरू झालं, तेव्हा विकत घेतलेल्या गाण्यांनाही कुलूप होतं. २००९ साली त्यांनी गाण्यांवरचं ते कुलूप काढून टाकलं. पैसे द्या, फाइल घ्या, कुठेही वाजवा. म्हणजे हक्क आणि ताबा एका डिजिटल फाइलमध्ये एकत्र नांदू शकतात. आज ते बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत, याचं कारण यंत्रात नाही, व्यवहाराच्या रीतीत आहे. त्याच २००९ सालची दुसरी गोष्ट. ॲमेझॉनने किंडलवर लोकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या प्रती, ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं लक्षात आल्यावर, लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले. पण पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर आपण काय म्हणू? जे पुस्तकाचं होऊ शकलं ते गाण्याचं होऊ शकतं.

आता या मांडणीवरच्या आक्षेपांकडे येऊ. दोन आक्षेप गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा, की गाणं ही मालकीची गोष्टच नव्हे. भीमसेन जोशी लहानपणी गदगला होते. तिथे एका दुकानात त्यांच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पडली, तबकडीवरची. त्या स्वरांनी मुलगा असा झपाटला, की १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ती तबकडी त्याच्या मालकीची नव्हती. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे. मग सांगा, तबकडीचा मालक कोण, आणि गाण्याचा मालक कोण?

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि त्याने आमचं म्हणणं मोडत नाही, उलट नीट होतं. ध्वनिमुद्रण आणि गाणं या दोन वस्तू आहेत. मैफलीत तासभर चालणारा राग तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांत बसवला जायचा. एमपीथ्री बनवताना मोठ्या स्वराखाली झाकले जाणारे बारीक ध्वनी, कानाला चुकणार नाहीत या अंदाजाने, काढून टाकले जातात. फोनच्या इवल्या स्पीकरातून तंबोऱ्याचा खर्ज खरं म्हणजे बाहेर पडतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला कान त्याचं अनुमान करतो, आणि आपल्याला वाटतं की ऐकला. तेव्हा कार्डात जे असतं ते गाणं नव्हे, गाण्यापर्यंत नेणारी शिडी आहे. गाण्याचं खरं घर आपल्यात आहे. नैयायिकांच्या भाषेत तो संस्कार. अनुभवाने संस्कार उमटतो आणि संस्कारातून स्मरण होतं.

पण संस्कार पक्का व्हायला अभ्यास लागतो. पुन्हा पुन्हा तेच ऐकणं लागतं. आणि पुन्हा ऐकायला शिडी जागेवर असावी लागते. भीमसेनांसारख्याला एकदा ऐकणं पुरलं असेल. आपण भीमसेन नाही. आक्काला माणिक वर्मांचं एखादं गीत चाळीस वर्षं ऐकूनही अजून ऐकायचं असतं. तिच्याकडून शिडी काढून घेणारा 'गाणं मालकीचं नसतंच, मावशी' असं तत्त्वज्ञान सांगू लागला, तर ते तत्त्वज्ञान त्याच्याच सोयीचं असणार.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. तो म्हणतो, तुमची तबकडी आणि कॅसेट कुणाकडे होती? ज्याच्याकडे पैसे होते त्याच्याकडे. दुर्मीळ मैफलींची ध्वनिमुद्रणं तर मूठभर संग्राहकांच्या कपाटात कुलपाआड. ती ऐकायला ओळख लागायची, जात-घराणं-शहर लागायचं. आज एखाद्या वाडीतली मुलगी केसरबाई ऐकू शकते, मोगूबाई ऐकू शकते, कुणाचीही परवानगी न मागता. हे इंटरनेटने केलं. ताब्याच्या प्रेमाचं दुसरं नाव कृपणपणा आहे.

हे खरं आहे. आम्ही स्वतः असे संग्राहक पाहिले आहेत, ज्यांनी चहा दिला पण टेप लावली नाही. विपुलतेचं हे ऋण नाकारणं कृतघ्नपणा होईल. आम्ही स्वतः रोज सकाळी इंटरनेटवरून ऐकतो. पण आक्षेप कुठवर पोचतो ते बघा. तो सांगतो की ऐकायला मिळण्याचा परीघ वाढला. ते हातात राहिलं की नाही, यावर तो काहीच बोलत नाही. संग्राहकाचं कुलूप जाऊन कंपनीचं कुलूप आलं असेल, तर दार मोठं झालं, पण किल्ली आपल्याकडे आली नाही. आणि ज्या वाडीतली मुलगी आपण उदाहरणाला घेतली, रेंज जाण्याची पाळी सगळ्यांत आधी तिच्यावरच येते. शहरातल्याला 'ऑफलाइन' म्हणजे विमानातले दोन तास. तिला ते रोजचं आहे.

दार म्हटलं म्हणून रेडिओबद्दल एक वाक्य. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आणि तिने कुणाकडे वर्गणी चालू आहे का असं कधी विचारलं नाही. एफएमवरचं गाणं माझं नसतं, पण ते माझं आहे असं भासवलंही जात नाही. गावच्या विहिरीसारखं ते सगळ्यांचं. उपयोग आहे आणि मालकीचा आव नाही, हा प्रामाणिक व्यवहार आहे. म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नका असं सुचवलं, ते आम्हाला योग्य वाटलं. दुर्दैवाने नव्या फोनांत हेडफोनचं भोक जातंय, मेमरी कार्डाची जागाही जातेय. आणि फोन घेताना आपण कॅमेऱ्याची चौकशी करतो, याची करत नाही.

आता शेवटचं उदाहरण, आणि ते आपल्या मातीतलं आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार राजी नसायच्या, मोजकंच होऊ दिलं. १९७७ साली अमेरिकेच्या नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांत पृथ्वीवरच्या ध्वनींची एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. त्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. पहिलं यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं सप्टेंबरच्या पाच तारखेला, आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. भैरवीने मैफल संपते, हे आपल्याला माहीतच आहे.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. तबकडी पाठवणाऱ्यांनी विचार काय केला ते बघा. ती जिथे सापडेल तिथे विचारायला कुणी नसेल. म्हणून त्यांनी सोबत वाजवण्याची सुई दिली, आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा आवरणावर कोरल्या. संपर्क तुटल्यावरही वाजेल, अशी गाण्याची पूर्ण शिदोरी बांधून दिली. आपल्या गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायच्या, त्यालाही हाच अर्थ आहे. तबकड्या छापायला दूर जर्मनीला जायच्या, तिथे हे गाणं कुणाचं हे कळावं म्हणून. मेहुण्यांच्या कार्डातल्या 'ट्रॅक ०७'मध्ये आणि यात हाच फरक. ज्याने दिलं त्याला घेणाऱ्याची काळजी होती की नाही, हे अशा ठिकाणी दिसतं.

मग करायचं काय? आम्ही काय केलं ते सांगतो, कारण उपदेश करायचा आमचा अधिकार वर्गणी बुडाली तेव्हाच संपला. घरातल्या सीड्या, आमच्या स्वतःच्या विकत घेतलेल्या, माळ्यावरून काढल्या आणि त्यांच्या फाइली केल्या. त्या सीड्या आता आक्काच्याच झाल्या. जुन्या तबकड्यांतलं थोडं घेतलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांचा हा हक्क केव्हाच संपलेला आहे. ते गाणं आता खरोखर सगळ्यांचं आहे. काही नव्या गायकांच्या फाइली, जिथे विकत मिळाल्या तिथे, पैसे देऊन घेतल्या. प्रत्येक फाइलला नाव दिलं: गायक, राग, ताल, साल कळलं तर साल. दोनशे चिजांच्या जागी चाळीसच झाल्या. सगळं मिळून अकरा तास. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. दोनशे डाउनलोड करायला एक दुपार पुरली होती.

कार्ड घेऊन आम्ही स्वतः गेलो. आक्काने विचारलं, "ही तरी दिलीस ना?" म्हटलं, "हो, ही दिली." तिने फोन उशाशी ठेवला आणि हिराबाई लावल्या. आम्ही काही बोलणार होतो, तिने हाताने गप्प बस म्हणून सांगितलं.

वर्गणी आम्ही पुन्हा सुरू केली आहे, आमच्यापुरती. ॲप वाईट नाही. नवं कळायला, शोधायला त्याच्यासारखं साधन नाही. त्याला वाचनालय समजावं, आणि वाचनालयातलं पुस्तक परत जातं हे धरून चालावं. पण जे गाणं उशाशी लागणार आहे, ते वाचनालयाच्या भरवशावर ठेवू नये, एवढंच.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: "सर, कार्डही खराब होतं. मग ताब्याचा फायदा काय?")

अगदी बरोबर विचारलंत. कार्ड खराब होतं. वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तर त्यातली माहिती पुसट होऊ शकते. मेहुण्यांचं कार्ड टिकलं हे नशीब. तबकडीलाही चरे पडायचे, कॅसेटला बुरशी लागायची. स्वत्वाबरोबर जतन करण्याचं ओझं येतं, ते टाळून नुसतं स्वत्व मिळत नाही. म्हणून दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा दोन्ही वाजवून बघा, पाडव्याला म्हणा, दिवस लक्षात राहील. फरक एवढाच आहे, की कार्ड बिघडलं तर ते आपल्या हयगयीने बिघडतं, आणि आपण ते सुधारू शकतो. आक्काची गाणी गेली तेव्हा तिच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, आणि तिला करता येण्यासारखंही काही नव्हतं.

वेळ संपली आहे.